अमेरिकेचं घड्याळ सरकतं तेव्हा: डेटाबेस सर्व्हरवरच्या डीएसटी चुका कशा शोधायच्या आणि कशा दुरुस्त करायच्या

नोव्हेंबरमधला पहिला रविवार होता. मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असल्यामुळे मी ठाण्यात घरीच होतो आणि टीममधली एक ज्युनिअर ऐरोलीच्या ऑफिसात शिफ्टवर होती. पावणेबारा वाजून गेल्यावर तिचा फोन आला. "सर, रीडिंगच्या टेबलवर डुप्लिकेट कीची एरर यायला लागलीय. आपण काहीच डिप्लॉय केलेलं नाही, सर्व्हरही नीट चाललाय." मी विचारलं, "एररमध्ये वेळ किती दिसतेय?" ती म्हणाली, "एक वाजून सतरा मिनिटं."

तेवढ्यावरून उलगडा झाला. सर्व्हर न्यूयॉर्कच्या वेळेवर होता. तिथे उन्हाळ्यात घड्याळ एक तास पुढे ठेवतात (हाच डीएसटी, म्हणजे डेलाइट सेव्हिंग टाइम), आणि त्या पहाटे दोन वाजले की ते एक तास मागे जातं आणि एक ते दोन हा तास पुन्हा येतो. पहिला १:१७ आपल्याकडच्या १०:४७ ला होऊन गेला होता आणि दुसरा आत्ता, ११:४७ ला आला होता. टेबलची युनिक की, म्हणजे दोन ओळींत सारखी चालत नाही अशी जोडी, होती यंत्राचा क्रमांक आणि वेळ. यंत्र तेच आणि वेळही तीच, म्हणून डेटाबेसने ओळ नाकारली. यंत्राने पाठवलेली माहिती बरोबर होती आणि डेटाबेसने दिलेला नकारही नियमाला धरून होता. चूक होती वेळेच्या कॉलममध्ये. त्यात भिंतीवरच्या घड्याळाचा आकडा साठवला जात होता, पण तो नेमका कोणत्या क्षणाचा हे कुठेच नोंदलेलं नव्हतं.

आपल्या भारतीय प्रमाणवेळेत असं कधीच होत नाही, आणि आपली अडचण तिथेच आहे. आपल्याकडे घड्याळं शेवटची सरकली ती दुसऱ्या महायुद्धात: सप्टेंबर १९४२ ते ऑक्टोबर १९४५ या काळात देश यूटीसीच्या, म्हणजे जागतिक संदर्भवेळेच्या, साडेसहा तास पुढे होता (एरवी साडेपाच). मुंबईत तर १९५५ पर्यंत 'बॉम्बे टाइम'ही चालायचा, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. त्यानंतर सगळं स्थिर आहे. त्यामुळे मुंबईतल्या लॅपटॉपवर लिहून तपासलेला कोड वर्षभर बिनचूक चालतो आणि परदेशातल्या सर्व्हरवर वर्षातून दोनदा कोसळतो. हा दोष आपल्या इथल्या मशीनवर आपोआप कधीच दिसणार नाही. तो मुद्दाम घडवून पाहावा लागतो.

खाली कमांड आणि फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना अर्थातच त्यांचं नेहमीचं स्पेलिंग वापरा.

सगळ्यात आधी: सर्व्हरचं घड्याळ हाताने हलवू नका

फोन वाजला की पहिला मोह हाच होतो, एक तास मागेपुढे करून टाकू. करू नका. लिनक्सचं आतलं घड्याळ यूटीसीत चालतं आणि डीएसटीच्या दिवशी ते जराही सरकत नाही. बदलतो तो फक्त त्या क्षणाचा स्थानिक वेळेत दिसणारा आकडा. तुम्ही घड्याळ हलवलंत तर बरोबर असलेली एकमेव गोष्ट बिघडते. घड्याळ जुळवणारी एनटीपी सेवा ते परत ओढायला लागते, लॉगमधला क्रम विसकटतो. केर्बेरॉस या ओळख तपासणाऱ्या यंत्रणेचं लॉगिनही बंद पडतं, कारण दोन यंत्रांच्या घड्याळांत ते सहसा ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आधी 'डेट' कमांड यूटीसीच्या पर्यायासह चालवा आणि तुमच्या फोनवरच्या वेळेतून साडेपाच तास वजा करा. दोन्ही जुळले तर घड्याळ ठीक आहे. दोष वरच्या कुठल्यातरी थरात आहे.

पायरी १: चूक किती वेळ टिकतेय ते बघा

निम्मं निदान इथेच होतं. त्यासाठी बदलाचे क्षण आपल्या वेळेत माहीत हवेत. अमेरिकेत २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे जातं आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतं, दोन्ही वेळा स्थानिक पहाटे दोनला. न्यूयॉर्कसाठी हा क्षण आपल्याकडे मार्चमध्ये दुपारी १२:३० ला आणि नोव्हेंबरमध्ये सकाळी ११:३० ला येतो. अमेरिकेतला प्रत्येक पट्टा आपापल्या दोन वाजता बदलतो, म्हणून लॉस एंजेलिससाठी मार्चमध्ये दुपारचे ३:३० आणि नोव्हेंबरमध्ये २:३० धरा. ॲरिझोनाचा बहुतेक भाग घड्याळ बदलतच नाही. ब्रिटन आणि युरोपियन युनियन मात्र सगळे एकाच क्षणी बदलतात: मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, यूटीसी एक वाजता, म्हणजे आपल्या सकाळी ६:३० ला. २०२६ साठी या तारखा आहेत ८ मार्च आणि १ नोव्हेंबर अमेरिकेच्या, २९ मार्च आणि २५ ऑक्टोबर युरोपच्या.

आता लक्षण जुळवा.

चुका बरोबर एक तास आल्या आणि आपोआप थांबल्या, तर तो मार्चमध्ये गाळलेला किंवा नोव्हेंबरमध्ये दोनदा आलेला तास आहे. कॉलमचा प्रकार तपासायला घ्या.

बदलानंतर सगळ्या वेळा सतत एक तासाने चुकताहेत आणि दुसऱ्या दिवशीही तेच आहे, तर कुठेतरी टाइमझोनचे नियम जुने आहेत किंवा झोनऐवजी ठरावीक फरक लिहून ठेवलाय.

चूक मार्चमध्ये दोन ते तीन आठवडे राहते आणि मग नाहीशी होते, तर कोणीतरी न्यूयॉर्क आणि लंडनमधला फरक 'पाच तास' असा कोडमध्ये कोरलाय. त्या आठवड्यांत तो फरक चारच तासांचा असतो. ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यातही तसंच होतं.

चूक साडेतीन तासांची असेल तर पुढचा भाग नीट वाचा.

पायरी २: चारही थरांतला टाइमझोन लिहून काढा

ऑपरेटिंग सिस्टिम, डेटाबेस सर्व्हर, कनेक्शनचं सेशन आणि ॲप्लिकेशन या चार ठिकाणी चार वेगळे झोन असू शकतात, आणि बहुतेकदा असतातच. कागदावर चार ओळी आखा आणि प्रत्यक्ष विचारून भरा, आठवणीतून भरू नका.

लिनक्सवर 'टाइमडेटसीटीएल' झोन सांगतं. 'झेडडम्प' तपशिलाच्या पर्यायासह चालवलं तर त्या झोनमधले सगळे बदलाचे क्षण यूटीसीत छापून मिळतात. तुमच्या वर्षाच्या ओळी वेगळ्या काढा आणि वरच्या तारखांशी पडताळा.

पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये 'शो टाइमझोन' चालवा, पण ते तुमच्या सेशनचं उत्तर असतं. ॲप्लिकेशन ज्या युझरने जोडलं जातं त्याला 'ऑल्टर रोल'ने वेगळा झोन दिलेला असू शकतो, म्हणून त्याच युझरने लॉगिन करून विचारा. मायएसक्यूएलमध्ये ग्लोबल आणि सेशन 'टाइम_झोन' दोन्ही बघा. तिथे 'सिस्टम' असं उत्तर आलं तर तो ऑपरेटिंग सिस्टिमचा झोन वापरतोय, आणि तो सर्व्हर सुरू होताना ठरलेला असतो. ओरॅकलमध्ये 'डीबीटाइमझोन' आणि 'सेशनटाइमझोन' बघाच, पण 'सिसडेट' त्या दोघांनाही जुमानत नाही, ते ऑपरेटिंग सिस्टिमकडून येतं. लिसनर (बाहेरची कनेक्शन स्वीकारणारा प्रोग्रॅम) ज्या टीझेड, म्हणजे टाइमझोन सांगणाऱ्या, व्हेरिएबलसह सुरू झाला तेच त्याच्यामार्फत आलेल्या कनेक्शनना मिळतं. त्यामुळे सर्व्हरवर बसून केलेल्या कनेक्शनची वेळ आणि बाहेरून आलेल्याची वेळ वेगळी दिसत असेल तर लिसनरवर संशय घ्या. एसक्यूएल सर्व्हरवर विंडोजची सेटिंग चालते. तिथल्या 'ईस्टर्न स्टँडर्ड टाइम' या नावाने गोंधळू नका, नावात 'स्टँडर्ड' असलं तरी त्या झोनमध्ये डीएसटी धरलेला आहे.

कंटेनर असेल तर एक गोष्ट हमखास तपासा. अल्पाइन या छोट्या लिनक्सच्या मूळ इमेजमध्ये टाइमझोनच्या फाइल्स नसतात. तुम्ही टीझेड व्हेरिएबलमध्ये 'अमेरिका/न्यूयॉर्क' दिलंत तरी काही तक्रार न करता तो यूटीसी दाखवत राहतो.

आता ते साडेतीन तास. पोस्टग्रेसच्या १७ पर्यंतच्या आवृत्त्यांत 'आयएसटी' हे संक्षिप्त नाव मूळ सेटिंगनुसार इस्रायलचं आहे. 'सकाळी दहा आयएसटी' असं लिहून पाठवलंत तर तो यूटीसीचे आठ धरतो, खरे असतात साडेचार. मुंबईतल्या कुठल्याही टीममध्ये हे होऊ शकतं, कारण आपल्या तोंडी दिवसभर आयएसटीच असतं. आयर्लंडचे लोकही तीच तीन अक्षरं वापरतात. 'ईएसटी' या अमेरिकी पूर्वेच्या प्रमाणवेळेच्या नावाचंही तसंच आहे, तो बारा महिने यूटीसीच्या पाच तास मागे राहतो, त्यात उन्हाळी वेळ येतच नाही. म्हणून कोडमध्ये आणि कॉन्फिगरेशनमध्ये फक्त खंड आणि शहराचं पूर्ण नाव लिहा: एशिया/कोलकाता, अमेरिका/न्यूयॉर्क, युरोप/लंडन. 'यूटीसी+५:३०' असंही लिहू नका. पोस्टग्रेस त्याचा अर्थ पॉसिक्स या युनिक्स मानकाच्या पद्धतीने उलटा लावतो आणि साडेपाच तास मागे जातो.

पायरी ३: कॉलममध्ये क्षण आहे की आकडा?

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी हीच, आणि घाईत नेमकी हीच राहून जाते. प्रत्येक वेळेच्या कॉलमसाठी एक प्रश्न विचारा: यातली किंमत जगातला एकच क्षण सांगते, की फक्त घड्याळावरचा आकडा?

मायएसक्यूएलचा 'टाइमस्टँप' आत यूटीसी साठवतो, म्हणजे क्षण. 'डेटटाइम' जे दिलं ते जसंच्या तसं ठेवतो, म्हणजे आकडा. पोस्टग्रेसमध्ये 'टाइमस्टँपटीझेड' क्षण आहे, तो यूटीसीत साठतो आणि तुम्ही दिलेलं झोनचं नाव टाकून देतो. नुसता 'टाइमस्टँप' म्हणजे आकडा. एकच नाव दोन डेटाबेसमध्ये उलट अर्थाने येतं, हे एकाकडून दुसऱ्याकडे जाताना लक्षात ठेवा. ओरॅकलचा 'डेट' आणि एसक्यूएल सर्व्हरचे 'डेटटाइम', 'डेटटाइम२' हे आकडे. 'डेटटाइमऑफसेट'मध्ये फरकही साठतो, म्हणून तो क्षण.

मार्चचा गाळलेला तास प्रत्येक डेटाबेस आपापल्या स्वभावाने हाताळतो. न्यूयॉर्कच्या झोनमध्ये ८ मार्च २०२६ चे २:३० कधी वाजणारच नाहीत. पोस्टग्रेसला ती वेळ 'टाइमस्टँपटीझेड'साठी दिलीत तर तो गुपचूप ३:३० करतो. मायएसक्यूएलचा 'टाइमस्टँप' स्ट्रिक्ट मोडमध्ये 'चुकीची डेटटाइम किंमत' म्हणून नाकारतो, 'डेटटाइम' मात्र स्वीकारतो. ओरॅकल ओआरए-०१८७८ देतो. आता तुमच्या टेबलमध्ये त्या दिवशीच्या दोन ते तीनमधल्या ओळी शोधा. एक जरी सापडली तरी तो पक्का पुरावा आहे की लिहिणारं यंत्र किंवा ॲप ठरावीक फरकावर चाललंय आणि त्याला डीएसटी माहीतच नाही.

पायरी ४: नियमांची फाइल ताजी आहे का

टाइमझोनचे नियम सरकारं ठरवतात आणि बदलतातही. मेक्सिकोने ऑक्टोबर २०२२ मध्ये देशाच्या बहुतेक भागातून डीएसटी काढून टाकला, ब्राझीलने २०१९ मध्ये. इजिप्तने २०२३ मध्ये तो परत आणला. हे सगळं आयएएनए या संस्थेच्या टाइमझोन डेटाबेसमध्ये, म्हणजे 'टीझेडडेटा'मध्ये येतं. अडचण अशी की एकाच सर्व्हरवर त्याच्या तीनचार प्रती असतात. ऑपरेटिंग सिस्टिमची एक, जावाची स्वतःची दुसरी, डेटाबेसची कधीकधी तिसरी. सिस्टिमचं पॅकेज अपडेट केलं म्हणजे काम झालं असं समजू नका.

मायएसक्यूएलमध्ये झोनची नावं वेगळ्या टेबलांत असतात आणि ती तुम्हालाच भरावी लागतात, 'मायएसक्यूएल_टीझेडइन्फो_टू_एसक्यूएल' या साधनाने. भरलेली नसतील तर 'कन्व्हर्ट_टीझेड' एरर न देता नल (रिकामी किंमत) परत करतं आणि रिपोर्टमध्ये रिकामे रकाने येतात. भरल्यानंतर सर्व्हर रीस्टार्ट करा, नाहीतर आधी वाचलेले जुने नियमच वापरत राहतो. पोस्टग्रेस काही ठिकाणी स्वतःची प्रत घेऊन येतो आणि ती छोट्या आवृत्त्यांबरोबर ताजी होते. डेबियन आणि रेड हॅटच्या पॅकेजमध्ये तो सिस्टिमची फाइल वापरतो. ओरॅकलमध्ये 'व्ही$टाइमझोन_फाइल' बघा. तिथलं अपग्रेड 'डीबीएमएस_डीएसटी' पॅकेजने होतं, त्यात साठवलेला डेटाही बदलला जातो आणि रीस्टार्ट लागतात. ते बदलाच्या आठवड्यात करू नका, महिनाभर आधी करा, आणि बॅकअप घेऊनच.

पायरी ५: बिघडलेल्या ओळी दुरुस्त करणं

इथे सावकाश जा. 'अपडेट ... एक तास वजा' अशी एक ओळ मूळ कॉलमवर चालवली आणि ती चुकून दोनदा चालली, तर काय खरं आणि काय दुरुस्त केलेलं हे नंतर कोणालाच सांगता येत नाही.

आम्ही केलं ते असं. मूळ कॉलम तसाच ठेवला आणि शेजारी क्षण साठवणारा नवा कॉलम जोडला. ज्या ओळी संदिग्ध, म्हणजे दोनदा आलेल्या, तासाबाहेरच्या होत्या त्या न्यूयॉर्कचा झोन लावून सरळ भरल्या. पोस्टग्रेसमध्ये हे 'ॲट टाइम झोन'ने होतं. फक्त लक्षात ठेवा, ते नुसत्या 'टाइमस्टँप'वर लावलं तर क्षण मिळतो आणि 'टाइमस्टँपटीझेड'वर लावलं तर आकडा. दोनदा लावलं की उलटसुलट होऊन बसतं.

उरल्या त्या दिवशीच्या एक ते दोनमधल्या ओळी. नुसता झोन लावला असता तर पोस्टग्रेसने त्या सगळ्या दुसऱ्या, म्हणजे प्रमाणवेळेच्या तासात टाकल्या असत्या. म्हणून प्रत्येक यंत्राच्या ओळी आयडीच्या क्रमाने लावल्या. वेळ १:५८, १:५९ अशी चढत जाते आणि अचानक १:०० वर येते. त्या पडलेल्या जागेच्या आधीच्या ओळींना वजा चार तासांचा फरक, नंतरच्यांना वजा पाच. आयडीचा क्रम नेहमी वेळेचाच असतो असं नाही. अनेक कनेक्शन एकदम लिहीत असतील तर थोडं मागेपुढे होतं. त्यासाठी दुसरा साक्षीदार शोधावा लागतो: मायएसक्यूएल असेल तर त्याच्या बिनलॉगमध्ये (बदलांच्या नोंदवहीत) प्रत्येक घटनेवर यूटीसी सेकंदांचा शिक्का असतो. नाकारल्या गेलेल्या ओळी मेसेज क्यूमध्ये पडून होत्या, त्या नवा कॉलम आणि नवी युनिक की तयार झाल्यावर परत सोडल्या.

ज्या ओळींना कुठलाच साक्षीदार मिळाला नाही, त्यांना अंदाजाने वेळ दिली नाही. 'संदिग्ध' अशी खूण करून ठेवली आणि क्लायंटला यादी पाठवली. बिलिंगचा डेटा असेल तर हे करायलाच हवं.

शेवटी मोजणी. यूटीसीत त्या स्थानिक दिवसाच्या ओळी तासागणिक मोजा. नोव्हेंबरच्या त्या रविवारी २५ तास भरले पाहिजेत, मार्चच्या रविवारी २३. रोजच्या सरासरीचा रिपोर्ट २४ ने भागत असेल तर तोही याच वेळी सापडतो.

पायरी ६: रात्रीची कामं आणि रिकव्हरी

बॅकअप आणि रिपोर्टच्या जॉब्ज पहाटे एक ते तीनच्या पट्ट्यात ठेवायची सवय सगळीकडे आहे, आणि नेमका तोच पट्टा धोक्याचा. डेबियनचा क्रॉन (कामं ठरल्या वेळी चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे शेड्युलर) ठरावीक वेळेची गाळलेली कामं थोड्या वेळात चालवतो आणि तीच दोनदा चालू देत नाही. पण 'दर दहा मिनिटांनी' अशी कामं बदललेल्या घड्याळाप्रमाणेच चालतात, आणि बाकीचे शेड्युलर आपापल्या नियमाने वागतात. सोपा उपाय म्हणजे शेड्युलर यूटीसीवर ठेवा. स्थानिक वेळेवरच ठेवायचं असेल तर काम चारनंतर लावा.

पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी, म्हणजे डेटा ठरावीक क्षणापर्यंत परत आणणं, करताना फार जपून. 'मायएसक्यूएलबिनलॉग'ला दिलेली सुरुवातीची आणि शेवटची वेळ, ते साधन ज्या मशीनवर चालवता तिथल्या झोननुसार धरली जाते. म्हणजे मुंबईतल्या लॅपटॉपवरून चालवलं तर आपली वेळ, सर्व्हरवरून चालवलं तर तिथली. दोनदा येणाऱ्या तासात तर वेळ देऊच नका, बिनलॉगमधली जागा किंवा जीटीआयडी (व्यवहाराची ओळख सांगणारा क्रमांक) द्या. पोस्टग्रेसमध्ये 'रिकव्हरी_टार्गेट_टाइम' लिहिताना शेवटी फरक जोडा, वजा चार की वजा पाच.

सगळं यूटीसीत ठेवलं की झालं का?

घडून गेलेल्या गोष्टींसाठी हो. पुढच्या वेळा मात्र वेगळ्या आहेत. मेक्सिको सिटीतल्या कोणी पुढच्या जुलैची सकाळी नऊची अपॉइंटमेंट यूटीसी करून साठवली असती आणि मधेच तिथला नियम बदलला असता, तर नियमांची फाइल ताजी केल्यावर ती आठची दिसली असती. माणसाने ठरवलेले असतात स्थानिक नऊ. म्हणून भविष्यातल्या वेळेसाठी स्थानिक आकडा आणि झोनचं पूर्ण नाव, दोन्ही वेगवेगळ्या कॉलममध्ये ठेवा आणि क्षण आयत्या वेळी काढा.

पायरी ७: दोष मुंबईत घडवून बघा

टेस्टिंगच्या कंटेनरला न्यूयॉर्कचा झोन द्या, टीझेडडेटा पॅकेज आहे याची खात्री करा आणि या किंमती तुमच्या डेटाबेसमधून, ॲपमधून आणि रिपोर्टमधून फिरवा. ८ मार्च २०२६ चे यूटीसी ६:५९ न्यूयॉर्कमध्ये १:५९ दिसले पाहिजेत आणि ७:०० हे ३:००. १ नोव्हेंबर २०२६ चे यूटीसी ५:१७ आणि ६:१७ हे दोन्ही १:१७ दिसले पाहिजेत, पहिला वजा चारसह आणि दुसरा वजा पाचसह. हे दोन्ही १:१७ एकाच यंत्राच्या नावाने टेबलमध्ये टाका, परत वाचा आणि यूटीसीत बदला. ५:१७ आणि ६:१७ वेगवेगळे परत आले तर कॉलम बरोबर आहे. दोन्ही सारखेच आले किंवा दुसरी ओळ नाकारली गेली, तर पायरी ३ पासून परत सुरुवात करा. आमच्याकडे ही चाचणी आता प्रत्येक बिल्डमध्ये चालते, आणि ती लिहिली त्या दिवशी शिफ्टवर असलेल्या त्याच ज्युनिअरने.